घराच्या सरासरीत बाई कुठे आहे?



'शाश्वत आणि सर्वसमावेशक आर्थिक विकास' हा आजचा विषय. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. पण जड शब्द उकलून पाहायची खोड आहे. शाश्वत म्हणजे टिकणारं, सर्वसमावेशक म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचणारं. आमच्या घरी आई या दोन्हींसाठी एकच शब्द वापरायची : बरकत. पैसा आला म्हणजे बरकत आली, असं ती मानत नसे. आलेलं पुरलं पाहिजे, थोडं उरलं पाहिजे आणि दस्तरखानावर बसलेल्या प्रत्येकाला मिळालं पाहिजे.

अर्थशास्त्रातलं संशोधनही हळूहळू याच वाटेनं आलेलं दिसतं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातली गरिबी मांडली, तेव्हा प्रश्न होता पोटाचा. पुरेसे उष्मांक मिळतील एवढा खर्च माणसाला झेपतो का? १९८७ साली ब्रुंटलंड आयोगानं काळाचा प्रश्न जोडला. आपली गरज भागवताना पुढच्या पिढीचा वाटा खाऊ नका, असं त्याचं सांगणं. आता गरिबी नुसत्या पैशांत मोजत नाहीत. नीती आयोगानं २०२१ साली काढलेल्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाच्या बारा गोष्टी पाहिल्या आहेत. पोषण, शाळा, पाणी, शौचालय, वीज, बँकेतलं खातं, अशा.

आपला धाराशिव जिल्हा या मोजमापाला नवा नाही. जानेवारी २०१८ मध्ये देशातले 'आकांक्षित जिल्हे' निवडले गेले. त्यात महाराष्ट्रातले चार होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद.

पण या मापात एक बारीक फट आहे. निर्देशांक मोजतो ते घर. दहा वर्षांवरच्या एका जरी माणसाची सहा वर्षांची शाळा पूर्ण झालेली असली, तरी ते घर शिक्षणात वंचित धरलं जात नाही. एकाचं खातं असलं, की घराचं खातं झालं. मुलगा शिकला, आईनं पाटी कधी धरली नाही. खातं नवऱ्याचं, घाम दोघांचा. तरी कागदावर घर ठीक. सरासरीच्या चादरीखाली कोण कुडकुडतंय, ते दिसत नाही.

घराच्या आत डोकावण्याचा एक प्रयोग आपल्याच मातीत झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त केली. पुनर्बांधणीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून घेतलं गेलं. घर कसं बांधायचं, मदत कशी मिळवायची, हे त्या लोकांना समजावून सांगत. प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था याच कामातून उभी राहिली. पुढे दुष्काळानं पाठ सोडली नाही, तेव्हा याच धाग्यातून 'एक एकर शेती' आली.

कल्पना साधी आहे. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. ती ऊस लावत नाही. ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असं मिसळून लावते, शेणखत घालते, घरचं बियाणं जपते. पाऊस रुसला तरी सगळी पिकं एकदम हातची जात नाहीत. आधी घरचं ताट भरतं, मग उरलेलं बाजारात जातं. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला.

कौतुक झालं, पण प्रश्न संपला नाही. ठरवण्याचा हक्क मिळाला तरी सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्याच नावावर राहतो. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई सातबाऱ्यावरचं नाव पाहून येते. उद्या घरच्यांनी 'ऊस लावायचाय, रान सोड' म्हटलं, तर तिनं कोणता कागद दाखवायचा? बीना अगरवाल यांनी १९९४ साली दक्षिण आशियातल्या बायकांच्या जमिनीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तर 'लक्ष्मीमुक्ती' म्हणत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं. म्हणजे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, असं नाही.

म्हणून संशोधकांना माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी आमच्या जिल्ह्यात याल, तेव्हा दारातूनच घर मोजून परत जाऊ नका. चुलीपर्यंत या. घरात शेवटी कोण जेवतं, जमीन कोण कसते आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे तीन प्रश्न विचारा. आणि श्रोतेहो, संशोधक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. आपापला सातबारा आज संध्याकाळी काढून पाहता येईल.