पिशवी, पाळी आणि मनाचा आजार

गळीत हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या, म्हणून हा विषय याच दिवसांत बोलायचा ठरवला. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी त्यांत होत्या. पाळीत कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जातंय म्हणून दवाखाना गाठला तर कॅन्सरची भीती घातली जाते. हे सगळं विधिमंडळापर्यंत गेलं. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे किती जणींना कुणी सांगितलं? मी मनोविकारांची डॉक्टर असूनही मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं. पाळीशी आणि बाळंतपणाशी त्याचा संबंध आपल्याला ठाऊक असतो, पण ते मेंदूतही काम करतं. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्या जिवावर उठलेत असा संशय पक्का बसतो. गावात त्याला बाहेरचं झालं म्हणतात. या आजारात मेंदूतल्या डोपामिनचं गणित बिघडलेलं असतं आणि नेहमीच्या गोळ्या ते डोपामिन अडवतात. इस्ट्रोजेनचा प्रभावही त्याच डोपामिनवर पडतो. म्हणून काही बायकांचा आजार पाळीच्या आसपास आणि बाळंतपणानंतर उसळतो. जर्मनीत हाइन्झ हेफ्नर यांच्या अभ्यासात दिसलं की हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा सरासरी ३-४ वर्षं उशिरा जडतो, आणि पाळी जाण्याच्या वयात, ४५ ते ५०च्या सुमारास, बायकांमध्ये त्याची दुसरी लाट येते.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या डॉ. जयश्री कुलकर्णी यांनी हा धागा आयुष्यभर धरून ठेवला. २००८ साली त्यांनी १०२ बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या गोळ्या चालूच होत्या. काहींच्या कातडीवर इस्ट्रोजेनची पट्टी लावली, काहींना नुसती पट्टी. २८ दिवसांत इस्ट्रोजेनवाल्या बायका अधिक सुधारल्या. पुढे मार्क वायझर यांच्या गटानं मोल्दोव्हात २०० बायकांवर हाच उपाय ८ आठवडे करून पाहिला. २०१९ साली आलेल्या त्या निकालात फायदा मुख्यतः ३८च्या पुढच्या बायकांना झाला. हा आकडा वाचून मी थांबले. जे इस्ट्रोजेन वयानुसार ओसरतं ते आपल्याकडे अंडाशयं काढली की पस्तिशीतच चाकूनं काढलं जातं. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी ती सरासरीनं लवकर थकतात. पिशवी काढल्यानं स्किझोफ्रेनिया होतो, असा अर्थ मात्र कुणी काढू नका. ज्या बाईला आधीच हा आजार आहे, तिच्या बाबतीत हा विचार झालाच पाहिजे, एवढं मी आग्रहानं सांगते.

रॅलॉक्सिफिन हे हाडं ठिसूळ होण्यावरचं औषधही स्किझोफ्रेनियासाठी तपासलं गेलं. कुठे फायदा दिसला, कुठे नाही.

इस्ट्रोजेनचा हा उपचार अजून नेहमीचा झालेला नाही. मेडिकलमधून संप्रेरकाच्या गोळ्या आणून कुणी घेऊ नयेत. रक्ताच्या गाठी, पक्षाघात, स्तनाचा कॅन्सर यांचा धोका आधी तोलावा लागतो. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं, नाहीतर तिच्या अस्तराला धोका. आणि मनाच्या आजाराच्या चालू गोळ्या सुटता कामा नयेत. रिस्पेरिडोनसारख्या गोळीनं पाळी बंद पडू शकते. सुनेला दिवस राहिलेत असं समजून सासू गोळ्या बंद करते आणि महिन्याभरात आजार उलटतो. पाळी थांबली तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते.

मनोविकाराच्या ओपीडीत आमच्याकडून पाळी विचारायची राहते, पिशवीच्या ऑपरेशनआधी मनाच्या गोळ्यांची चौकशी होत नाही. हे बदलत नाही तोवर तुम्हीच सांगत जा. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि अंडाशयं ठेवली की काढली हे त्यावर लिहून मागा. कार्ड हरवलं असेल तर एफएसएच नावाच्या रक्ततपासणीतून अंडाशयं काम करतात का, याचा अंदाज येतो. जवळ डॉक्टर नसेल तेव्हा १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर फोन लावा. तिथे मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.