वांगाचे डाग आणि लिंबू



चेहऱ्यावरच्या डागांवर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा हसूच आले. डाग माझ्याच गालावर, म्हणजे नमुना आणि वक्ता एकच!

चाळिशी उलटल्यावर माझ्या गालावर वांगाचे डाग उठले, हातांच्या पाठीवर तपकिरी ठिपके आले. कोणी म्हणाले जायफळ उगाळून लावा, कोणी मसुरीचे पीठ. मी आपली अक्कल चालवली. चिरलेले वांगे काळे पडते, त्यावर लिंबू पिळले तर पडत नाही. मग गालाला का चालू नये? रोज लिंबू चोळायचे आणि भर वैशाखात दुपारची भाकरी घेऊन रानात जायचे. आठवड्यात गाल भाजल्यासारखा लाल झाला आणि मग पहिल्यापेक्षा काळा. घरात विचारतील म्हणून मी काही दिवस तोंड लपवीत होते. तो काळेपणा उतरायला वर्ष गेले.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावले. ऊन लागले की कातडी बचावासाठी रंग तयार करते. वर्षानुवर्षे ऊन खाल्ले की तो जागोजागी साठतो. लिंबाच्या रसात तर अशी द्रव्ये असतात की ती अंगावर असताना ऊन लागले तर कातडी पोळते.

मग वनस्पती खोट्या का? तसे नाही. आवळ्यातले क जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे उन्हाने कातडीच्या आत होणारी नासधूस थोपवणारे. ज्येष्ठमधातले ग्लॅब्रिडिन रंग तयार होण्यालाच आवर घालते. पण मलमात ते मोजून घातलेले असते. क जीवनसत्त्व हवेने व उजेडाने लवकर बिघडते, म्हणून तर ते गडद बाटलीत देतात. वाटीत कालवलेल्या लेपातून कितीसे आत जाणार?

हळदीचा आपल्याला अभिमान. सांगलीची पेठ इथून जवळच. हळदीने जखम भरते याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना त्या संस्थेने ते १९९७ साली रद्द करवले. पण जखम वेगळी आणि डाग वेगळा.

गोरे करणारी मलमे शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. काहींत स्टेरॉईड असते, त्याने कातडी पातळ होते. एखादा डाग वाढू लागला, वेडावाकडा झाला किंवा त्यातून रक्त आले, तर लेप न लावता डॉक्टरांना दाखवा.

मी आता रानात जाताना पदर कपाळावर ओढून घेते, आणि रात्री डॉक्टरीणबाईंनी दिलेले ज्येष्ठमधाचे मलम लावते. सहा महिन्यांत गालावरचे डाग फिके झाले आहेत. हातांवरचे मात्र तसेच आहेत.