मुलांचे आधी ऐकू या



मुले ऐकत नाहीत, ही घरोघरची तक्रार आहे. परंतु आपण त्यांचे ऐकतो काय? पालकत्व शिकावे लागते, या विचाराने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियात पालकांचे वर्ग सुरू केले व १९७० साली त्यावर ग्रंथ लिहिला.

त्यांची शिकवण साधी आहे. मुलगी क्लासहून उशिरा आली की ‘तू बेजबाबदार आहेस’ असे आपण म्हणतो. ती चिडते किंवा गप्प बसते. त्याऐवजी ‘तुझा निरोप नव्हता, मला काळजी वाटली’ असे सांगावे. तिचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि दोघांना पटेल असा मार्ग मिळून ठरवावा.

माराने मूल भिते आणि पुढे अडचणीही लपवू लागते. नापास झालेले मूल आधी आपल्याच घरी यावे, एवढा विश्वास आपण कमावला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही आईवडिलांशी मोकळेपणाने बोला. त्यांचीही काळजी समजून घ्या. आजपासून रोज थोडा वेळ, उपदेश बाजूला ठेवून, एकमेकांचे ऐकण्याचा निश्चय करू या.