धबधब्याला जाऊ, पण ठरवून
(पुण्यातील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयिकेने केलेलं भाषण)



पावसाळा लागला की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, अभ्यास दौऱ्याला चाललोच आहोत, तर येताना धबधबा बघू या का?" विचारताना आवाज खालीच असतो, जणू चोरी करायची आहे! ते आधी मनातून काढा. माहेर, दवाखाना, लग्नकार्य सोडून स्वतःच्या मनासाठी आपण घराबाहेर पडतो कधी?

कॉलेजची पोरं पाठीवर सॅक टाकून स्वारगेटला एसटीत बसतात, साताऱ्याला उतरतात. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि तिथून वाट वाकडी करून ठोसेघरला जातात. आपणही जाऊ शकतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. ठोसेघरचा धबधबा कठड्यामागे उभं राहून लांबून बघता येतो, पाण्यात उतरावं लागत नाही. लेकरं, म्हाताऱ्या बायका बरोबर असल्या की अशीच जागा निवडा.

आता दुसरी बाजू. ३० जून २०२४, रविवार. पुण्यातलं एक कुटुंब लोणावळ्याला गेलं होतं. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात उभे असताना पाणी एकदम वाढलं. एक बाई आणि चार मुलं गेली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. एकमेकांना घट्ट धरलं होतं, तरी पाण्यापुढे काही चाललं नाही.

हे होतं कसं? पाऊस वर डोंगरात पडतो, आपण खाली असतो. कातळात पाणी फारसं मुरत नाही, सगळं ओढ्याला येतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरून लोंढा येऊ शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की फोटो राहू द्या, चप्पल राहू द्या, लगेच कडेला वर चढा. कोणी वाहत चाललं तर मागे उडी मारू नका. दोर नाहीतर साडी फेका आणि ११२ ला फोन करा.

म्हणून वाट वाकडी करायची ती निघायच्या आधी, बैठकीत ठरवून. ऐन वाटेत विचारलं की दहाजणी हो म्हणतात आणि घाबरलेल्या दोघी गप्प बसतात. पावसाळ्यात कलेक्टर साहेबांचा बंदी आदेश निघतो, तो आहे का ते विचारून घ्या. गाडीवाल्याशी वाढीव किलोमीटरचं आधी बोला. खर्च वर्गणीतून करा, गटाच्या बचतीला हात नको. चढताना-उतरताना डोकी मोजा. उजेड आहे तोवर परतीला लागा.

आणि जिला यायचंय पण घरून सोडत नाहीत, तिच्या घरी गटातल्या दोघी जाऊन बोला. कर्जासाठी आपण बँकेच्या साहेबांशी बोलतोच की! मग सासूबाईंशी बोलायला कशाला भ्यायचं?