व्यायामाचा शेवट सावकाश करा

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार भरतो, कुस्त्यांचा फडही रंगतो. त्या बाजारात एखाद्या जाणत्या माणसाकडे लक्ष द्या. घोडा दौडत आला की तो त्याला लगेच खुंट्याला बांधत नाही. लगाम धरून हळूहळू फिरवतो, त्याचा श्वास खाली बसू देतो, आणि मगच बांधतो. जनावराची आपण एवढी काळजी घेतो. आपल्या लेकरांची घेतो का?

लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शेवटची शंभर पावले जिवाच्या आकांताने पळायचे आणि रेघ ओलांडताच धपकन बसायचे, असा बहुतेकांचा रिवाज. तो मोडा. धावताना पायांचे स्नायू दर पावलागणिक रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. एकदम थांबलात की ती मदत तुटते. रक्त पायांत रेंगाळते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शेवटची पाचदहा मिनिटे मंद पळा, मग चाला. सरळ बोलता येईल इतका दम परत आला, की खुशाल बसा.

आता दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचे पाहू. स्नायूंत आम्ल साचते म्हणून अंग दुखते, असे आपण ऐकत आलो. ते खरे नाही. ते आम्ल तासाभरात निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. सवय नसलेल्या कामाने, विशेषतः ताणल्या जाणाऱ्या स्नायूवर भार पडला, की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. उतार उतरताना, बैठकीत खाली जाताना हेच घडते. सोयाबीन काढणीचा पहिला दिवस ज्याने वाकून काढला, त्याला हे वेगळे सांगायला नको!

मग त्या दिवशी अंथरूण धरावे काय? नाही. गप्पा मारता येतील इतके हलके चाला, सायकल फिरवा. रक्त खेळते, अंगाचा जडपणा ओसरतो. मात्र एवढ्याने दुखणे मुळातूनच टळेल, असा भरवसा मी देणार नाही. चालताना बरे वाटते. दुखणे आपल्या वेळेने जाते. इजा टळते ती मुख्यतः बेताने. एक दिवस कठीण, एक दिवस हलका. पल्ला थोडाथोडा वाढवायचा. आणि झोप पुरेशी.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. अशी गदा मिळवायची तर तालमीत वर्षामागून वर्षे अंग टिकवावे लागते. एका दिवसाच्या ईर्षेने ती मिळत नाही.

एक खूण ध्यानात ठेवा, बरं का. दोन्ही पाय सारखेच जड झाले, तर ती साधी थकवट. पण नडगीवर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली, किंवा सांधा सुजला, तर धावणे बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. भरती जवळ आली म्हणून कळ लपवणारा पोरगा पुष्कळदा सारे वर्ष गमावून बसतो. अंग फार दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शिक्षक मित्रहो, खेळाच्या तासातली शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा. घंटा झाली म्हणून कबड्डीच्या मैदानातून मुलांना थेट बाकावर बसवू नका. मैदानाला एक सावकाश फेरी घालू द्या. आणि शिक्षा म्हणून उठाबशा कधीच काढायला लावू नका. तो व्यायाम नव्हे. सवय नसलेल्या पायांना ती इजा आहे.

माळेगावचा तो घोडेवाला काही शास्त्र शिकलेला नसतो. पण घोडा उद्याही दौडला पाहिजे, हे तो विसरत नाही. आपली मुलेही उद्या धावायची आहेत.