करार दिल्लीत, झळ अंजनवेलला



 शाहूपुरीची बाजारपेठ वसवणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांचे हे कोल्हापूर आहे. व्यापाऱ्याला मानाने बोलवावे, पण रयतेचे हित सोडू नये, ही इथली रीत.

गुंतवणूक करारांची परिषद कोल्हापुरात कशाला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर घाट उतरून कोकणात गेल्यावर मिळते. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. २००१ मध्ये वीज मंडळाने त्याची महागडी वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेरीस त्याची मुख्य प्रवर्तक असलेल्या एन्रॉन कंपनीचे दिवाळे निघाले. मग प्रकल्पातल्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्यांनी भारत सरकारवर दावा लावला, तो भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली! अमेरिकेशी आपला असा करारच नव्हता. पण त्यांच्या उपकंपन्या मॉरिशसमध्ये नोंदलेल्या होत्या. १९९८ साली एका छोट्या बेटाशी केलेल्या कराराचे हे फळ. २००५ मध्ये तडजोड झाली, पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना या करारातले एक कलमही कुणी समजावले नव्हते.

पुढे २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने, दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आम्हालाही हवी म्हणत, भारत-कुवेत करारातल्या कलमाचा आधार घेऊन लवादापुढे आपल्यालाच हरवले. त्यानंतर सरकार जागे झाले. अशा करारांचा २०१५ चा नवा नमुना आला, बहुतेक जुने करार रद्द झाले. आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे इथल्या न्यायालयात दाद मागा, ही त्यातली अट मला योग्य वाटते. मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला उद्या आफ्रिकेत कारखाना काढेल, तेव्हा तीच अट त्यालाही लागू होईल. परक्या देशात पाच वर्षे कोर्टकचेरी त्याला झेपणार नाही. म्हणून २०२० मध्ये ब्राझीलशी सही झालेला करार मला जवळचा वाटतो. त्यात कंपनीला थेट सरकारवर दावा लावता येत नाही. तक्रार आधी दोन्ही देशांची संयुक्त समिती ऐकते.

आपल्याकडे असे करार संसदेच्या मंजुरीविना होतात. सहीपूर्वी प्रत्येक मसुदा संसदेपुढे यावा आणि मराठीतही प्रसिद्ध व्हावा, असा ठराव या परिषदेने करावा, ही यजमान म्हणून माझी आपणाला आग्रहाची विनंती आहे.