आठाचा आकडा आणि पाय



एमएच 26 नांदेडची, एमएच 24 लातूरची.
पाटी कुठलीही असो,
गिअरच्या गाडीला वय हवं 18 पूर्ण.

आधी शिकाऊ लायसन्स काढा.
ते 6 महिने चालतं.
पक्क्या लायसन्सची चाचणी मात्र 30 दिवसांनंतरच.

तोवर गाडीला लाल ‘एल’ लावा.
मोकळ्या मैदानात सराव करा.

चाचणीत घाम फोडतो तो आठाचा आकडा.
पोरं इथंच ॲक्सिलरेटर पिळतात.
गाडी रेषेबाहेर!

पहिला गिअर ठेवा.
क्लच अर्धा सोडा.
मागचा ब्रेक अलगद दाबा.
नजर चाकावर नको,
पुढच्या वळणावर ठेवा.
आणि पाय टेकवू नका.

पुन्हा सांगते,
पाय टेकवायचा नाही!

हेल्मेट सोबत न्या.
आपल्याकडचं ऊन बघता,
जमलं तर वेळ सकाळचीच घ्या.